आजारी जहाजाला बंदर हवे

3 फेब्रुवारी 2020 च्या संध्याकाळी ‘डायमंड प्रिन्सेस’ हे सहलीचे जहाज जपानच्या योकोहामा बंदरापाशी येऊन थांबले. जहाजावर 3,711 माणसे होती : 2,666 प्रवासी आणि 1,045 कर्मचारी. 25 जानेवारीला हाँगकाँगला उतरलेल्या एका प्रवाशाला करोनाची लागण झाल्याचे 1 फेब्रुवारीला निष्पन्न झाले होते. त्यामुळे जपानने कुणालाच उतरू दिले नाही. 5 फेब्रुवारीपासून प्रवाशांनी आपापल्या केबिनमध्येच राहायचे, असा हुकूम निघाला. 1 मार्चला जहाज रिकामे झाले, तोवर 712 जणांना लागण झालेली होती. त्यांतल्या 37 जणांना अतिदक्षता विभागात ठेवावे लागले आणि पुढे डझनभराहून अधिक माणसे दगावली. फेब्रुवारीच्या मध्याला तर अशी स्थिती होती, की चीनबाहेरच्या साऱ्या जगातल्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक रुग्ण या एका जहाजावरचे होते.

अनोळखी विषाणूने घातलेला घाला, अशीच या घटनेची आठवण आता काढली जाते. त्यात तथ्य आहे, पण ते अपुरे आहे. विषाणू अनोळखी होता. जहाजावरची साथ मात्र माणसाला शतकानुशतके ठाऊक आहे. हजारो माणसे एका बंदिस्त जागेत दिवसचे दिवस राहतात, एकाच मुदपाकखान्यातले जेवतात, तेच जिने चढतात, तेच कठडे धरतात. अशा ठिकाणी कधी ना कधी साथ येणार, हे धरूनच चालावे लागते. ती आल्यावर काय करायचे, हे कुणी ठरवायचे, हा खरा प्रश्न आहे. 2020 मध्ये त्याचे उत्तर कुणापाशी नव्हते आणि आजही ते पक्के झालेले नाही.

माझे म्हणणे सरळ आहे. साथ आलेल्या जहाजावर माणसांना कोंडून ठेवल्याने साथ आटोक्यात येत नाही. त्यांना तपासून, शिस्तीने आणि लवकर किनाऱ्यावर घ्यावे लागते. ते कोणत्या बंदराने घ्यायचे, कुणाच्या खर्चाने आणि कोणत्या रुग्णालयात, हे जहाज सुटण्याआधीच ठरलेले असावे लागते. ऐन वेळी ठरवायला बसले, की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि तेवढ्यात रोग आपले काम उरकतो.

योकोहामाला नेमके काय झाले ते जवळून पाहण्यासारखे आहे. प्रवासी केबिनमध्ये बंद झाले, पण त्यांना तीन वेळचे जेवण लागत होते, पाणी, धुतलेले टॉवेल, रोजच्या गोळ्या लागत होत्या. बहुतेक जण साठीच्या पुढचे. रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या औषधांवाचून त्यांचे चालणार नव्हते. हे सगळे दारापर्यंत नेऊन कोण देणार? कर्मचारीच. ढकलगाडीवर ताटे मांडायची, दार वाजवायचे, ताट आत द्यायचे, आधीचे उष्टे ताट बाहेर घ्यायचे आणि गाडी पुढच्या दाराशी न्यायची. शेकडो दारे, दिवसातून तीनदा. पाळी संपली की हीच माणसे खालच्या डेकवर आपल्या मुक्कामाला जात. तिथे खोलीत जोडीदार असे, जेवण सगळ्यांचे एकाच भोजनगृहात होई. 9 फेब्रुवारीपर्यंत ज्या 20 कर्मचाऱ्यांना लागण झाल्याचे आढळले, त्यांतले 15 जण जेवणखाणाच्या विभागातले होते, आणि 20 पैकी 16 जणांच्या खोल्या तिसऱ्या डेकवर होत्या. या विभागातले लोक राहत होते तो हाच डेक.

आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे. एकूण आकडे पाहिले तर प्रवाशांमध्ये लागण अधिक झाली : 567 प्रवासी, म्हणजे दर पाचांत एकाहून थोडे जास्त, कर्मचाऱ्यांपैकी 145, म्हणजे दर सातांत एक. आजार कधी सुरू झाला याच्या तारखा लावून जपानच्या संशोधकांनी दाखवून दिले, की प्रवाशांपैकी बऱ्याच जणांना 5 फेब्रुवारीच्या आधीच, म्हणजे नाचगाणी आणि मेजवान्या चालू असतानाच, लागण झालेली असावी. केबिनमध्ये बंद केल्यावर त्यांच्यातले नवे रुग्ण घटत गेले. कर्मचाऱ्यांमध्ये मात्र ते आढळत राहिले. यातून एकच निष्कर्ष निघतो. ज्यांना खरोखर वेगळे ठेवले, त्यांना त्याचा उपयोग झाला; आणि त्यांना वेगळे ठेवता यावे म्हणून जे राबत होते, त्यांना वेगळे कुणी ठेवलेच नाही. जहाजावरच्या विलगीकरणाची ही मूळ खोट आहे. कर्मचाऱ्यांना बंद केले तर प्रवासी उपाशी राहतील, आणि त्यांना मोकळे ठेवले तर रोग मोकळा राहील. जहाजावर राहून हा पेच सुटत नाही.

दुसरी खोट तपासणीची. सुरुवातीला ताप-खोकला असलेल्यांची आणि त्यांच्या निकटच्या माणसांचीच चाचणी झाली, कारण चाचण्या पुरेशा नव्हत्या. पुढे सगळ्यांच्या चाचण्या झाल्या तेव्हा दिसले, की बाधित ठरलेल्या 712 जणांपैकी 331 जणांना चाचणीच्या वेळी कसलाही त्रास होत नव्हता. म्हणजे ज्याला ताप येईल त्याला बाजूला काढू, एवढ्या धोरणाने जवळजवळ निम्मे रुग्ण निसटले असते. त्यांत ताटे नेऊन देणारे हातही होते.

कोबे विद्यापीठातले संसर्गरोगतज्ज्ञ केंतारो इवाता 18 फेब्रुवारीला जहाजावर जाऊन आले. बाधित भाग कुठे संपतो आणि सुरक्षित भाग कुठे सुरू होतो याची धड सीमाच तिथे नाही, असे त्यांनी बाहेर येऊन जाहीरपणे सांगितले. जपानी अधिकाऱ्यांनी त्यांच्या म्हणण्यावर आक्षेप घेतले. तो वाद बाजूला ठेवला, तरी एक गोष्ट उरते. संसर्गजन्य रोगांच्या रुग्णालयात जायची-यायची वाट, कपडे बदलायची जागा, हवा कुठून येते आणि कुठे जाते हे सारे बांधतानाच ठरवलेले असते. सहलीचे जहाज बांधताना माणसे एकत्र यावीत, हाच हेतू असतो. अशा वास्तूचे चार दिवसांत संसर्गरुग्णालय करणे कुणालाही जमले नसते.

म्हणून जपानवर सगळे खापर फोडणे मला अन्यायाचे वाटते. जहाजाची नोंदणी ब्रिटनमधली, कंपनी अमेरिकी, प्रवासी पन्नासहून अधिक देशांतले. जपानकडे या जहाजाची जबाबदारी आली ती ते त्याच्या दारात येऊन थांबले म्हणून. ती जपानने झटकली नाही. शेकडो रुग्णांना आपल्या रुग्णालयांत जागा दिली, त्यांतल्या गंभीर रुग्णांना वाचवण्याची शर्थ केली. पण चाचणी करून 3,700 माणसांना स्वतंत्र खोल्यांत ठेवता येईल अशी सोय किनाऱ्यावर तयार नव्हती, आणि तिथेच सारे अडले. त्या वर्षी स्वीडनमधल्या विद्यापीठातल्या संशोधकांसह एका गटाने गणिती प्रारूप मांडून अंदाज काढला, की काहीच उपाय केले नसते तर 2,900 हून अधिक जणांना लागण झाली असती. आणि 3 फेब्रुवारीलाच सगळ्यांना उतरवून घेतले असते तर हा आकडा 76 च्या आसपास राहिला असता. प्रारूपातला अंदाज तंतोतंत खरा धरायचे कारण नाही. पण 76 आणि 712 यांतले अंतर इतके आहे, की त्याची दिशा नाकारता येणार नाही.

या जहाजावर 138 भारतीय होते. त्यांतले फक्त सहा प्रवासी. उरलेले 132 जण तिथे नोकरीला होते. त्यांतल्या काहींनी मोबाइलवर व्हिडिओ काढून सरकारला हात जोडले होते, आम्हाला इथून काढा, निदान बाधितांपासून वेगळे तरी ठेवा. या भारतीयांपैकी बहुतेकांना आणणारे एअर इंडियाचे विमान 27 फेब्रुवारीला दिल्लीत उतरले. गोव्यात, रत्नागिरी-सिंधुदुर्गात, वसईत ‘मुलगा बोटीवर आहे’ हे वाक्य शेकडो घरांत अभिमानाने बोलले जाते. गोव्यातल्या तारवट्यांच्या, म्हणजे खलाशांच्या, तर काही घरांत तिसरी पिढी बोटीवर आहे. बोटीवरून येणाऱ्या पैशातून घरे उभी राहिली, बहिणींची लग्ने झाली, शिक्षणे झाली. त्या घरांतल्या माणसांसाठी जहाजावरची साथ ही परदेशातली बातमी नसते. घरातला माणूस पाण्याखालच्या डेकवर, बिनखिडकीच्या खोलीत, कुणाच्या शेजारी झोपतो, याची ती काळजी असते.

जबाबदारी कुणाची, हा प्रश्न आता नीट पाहू. भर समुद्रात जहाजावर त्याच्या बावट्याच्या देशाचा कायदा चालतो. करात आणि नियमांत सवलत मिळते म्हणून सहलीच्या जहाजांपैकी पुष्कळशी बहामा, पनामा, बर्म्युडा अशा ठिकाणी नोंदवलेली असतात. जहाज बंदरात आले की त्या बंदराच्या देशाचा अधिकार सुरू होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2005 च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांत स्पष्ट म्हटले आहे, की आरोग्याच्या कारणावरून जहाजाला बंदरात येण्यापासून रोखू नये. त्या बंदरात सोय नसेल तर जवळच्या योग्य बंदराकडे जायला सांगावे. नियम चांगला आहे. पण तो मोडणाऱ्याला शिक्षा नाही, आणि कसोटीच्या वेळी तो एकामागून एक देशांनी मोडला.

‘वेस्टरडॅम’ या जहाजाला फेब्रुवारी 2020 मध्ये फिलिपिन्स, तैवान, जपान, ग्वाम आणि थायलंड यांनी नकार दिला. अखेर कंबोडियाने 13 फेब्रुवारीला आत घेतले. ‘झान्डॅम’ 7 मार्चला ब्यूनोस आयरेसहून निघाले. दक्षिण अमेरिकेची बंदरे बंद होत गेली आणि ते आजारी माणसे घेऊन भटकत राहिले. 2 एप्रिलला फ्लोरिडात धक्क्याला लागेपर्यंत जहाजावर चार जणांचा मृत्यू झालेला होता. मार्चअखेर अमेरिकेच्या तटरक्षक दलाने तर परदेशी नोंदणीच्या मोठ्या जहाजांना कळवले, की आपल्या रुग्णांची सोय अनिश्चित काळ जहाजावरच करायची तयारी ठेवा आणि ज्या देशाचा बावटा लावला आहे त्याच्याकडे मदत मागा. या जहाजांवर जाणारे प्रवासी प्रामुख्याने अमेरिकी, कंपन्यांची मुख्यालये मायामीत, नफाही तिथलाच. रुग्ण मात्र बहामाचे. यात न्याय कुठे आहे?

आणि बहामाने काय केले? त्याच मार्चमध्ये ‘ब्रेमार’ हे ब्रिटिश प्रवाशांचे जहाज बहामाचाच बावटा लावून कॅरिबियन समुद्रात बंदर शोधत होते. जहाजावर पाच जण बाधित निघाले होते. बहामाने आपल्या पाण्यात नांगर टाकून अन्न आणि औषधे भरून घेऊ दिली; धक्क्याला मात्र लागू दिले नाही. ज्या देशाचा बावटा, त्याचेच दार बंद. शेवटी क्यूबाने होकार दिला. 18 मार्चला जहाज मारिएल बंदराला लागले. सहाशेवर प्रवाशांना बसमधून थेट हवानाच्या विमानतळावर नेले, तिथे ब्रिटनने पाठवलेली चार विमाने उभी होती. आजारी आणि लक्षणे असलेल्या माणसांसाठी विमान वेगळे होते. एका दिवसात सारे उरकले. क्यूबा श्रीमंत देश नाही. निर्बंधांनी गांजलेला आहे. पण वाट कोणती, वाहन कोणते, कुणाला कुणापासून वेगळे बसवायचे आणि कोणत्या विमानात चढवायचे, हे जहाज धक्क्याला लागण्यापूर्वी दोन सरकारांनी मिळून ठरवले होते. म्हणून ते जमले.

या मुद्द्यावर सर्वांत जोरदार आक्षेप ‘रूबी प्रिन्सेस’चा दाखला देऊन घेता येतो, आणि तो टाळणे बरोबर नाही. 19 मार्च 2020 ला हे जहाज सिडनीला आले. जहाजावर सर्दी-तापाचे रुग्ण होते, त्यांचे नमुने तपासायचे होते. तरीही न्यू साउथ वेल्सच्या आरोग्य खात्याने जहाज कमी जोखमीचे ठरवले आणि अहवाल येण्याआधीच सुमारे 2,700 प्रवाशांना सोडून दिले. लोक टॅक्सीने, रेल्वेने, विमानाने आपापल्या गावी गेले. दुसऱ्या दिवशी अहवाल आले : करोना. त्या एका जहाजाशी 28 मृत्यू जोडले गेले. ज्येष्ठ वकील ब्रेट वॉकर यांच्या चौकशी आयोगाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आरोग्य खात्याच्या चुका गंभीर आणि अक्षम्य ठरवल्या. 2023 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संघीय न्यायालयाने कंपनीलाही निष्काळजीपणाबद्दल दोषी धरले.

तेव्हा आक्षेप घेणारा म्हणेल, पाहा, उतरवले की हे असे होते. पण सिडनीला माणसे उतरवून घेतली नाहीत, ती सोडून दिली. उतरवून घेणे म्हणजे चाचणीचा अहवाल येईपर्यंत माणूस यंत्रणेच्या देखरेखीखाली, छपराखाली, स्वतंत्र खोलीत असणे. सोडून देणे म्हणजे यंत्रणेने आपले अंग काढून घेणे. योकोहामाने माणसे कोंडली, सिडनीने मोकाट सोडली, आणि दोन्ही चुकांचे मूळ एकच होते. किनाऱ्यावर मधली जागा नव्हती. ती जागा आधीपासून तयार असती तर दोन्ही बंदरांतल्या अधिकाऱ्यांना योग्य निर्णय घेणे सोपे गेले असते.

करोना टोकाचा प्रसंग होता असे कुणी म्हणेल, म्हणून रोजच्या प्रसंगाकडेही पाहू. जहाजांवर नित्य येणारी साथ उलट्या-जुलाबांची, बहुतेक वेळा नोरोव्हायरसची. हा विषाणू पोटात जायला अगदी थोडे कण पुरतात, बारा ते अठ्ठेचाळीस तासांत त्रास सुरू होतो, दोन-तीन दिवसांत बहुतेक माणसे बरी होतात. पण तो कठड्यांवर, दाराच्या मुठींवर, वाढायच्या चिमट्यांवर दिवसेंदिवस तग धरतो. अल्कोहोलच्या सॅनिटायझरला तो फारसा दाद देत नाही. साबण-पाण्याने हात खळखळून धुवावे लागतात, आणि जागा क्लोरिनने पुसाव्या लागतात. साथ लागली की जहाजावर पहिला बदल बुफेत दिसतो. प्रवाशांच्या हातून चिमटे काढून घेतले जातात, मिठा-मिऱ्यांच्या डब्या टेबलांवरून उचलल्या जातात आणि कर्मचारी स्वतः वाढायला उभे राहतात.

याबाबत अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने 1975 पासून चालवलेली जहाज-स्वच्छता योजना अभ्यासण्यासारखी आहे. अमेरिकी बंदरात येणाऱ्या जहाजाने किती प्रवासी आणि किती कर्मचारी उलट्या-जुलाबांनी आजारी पडले, ते बंदरात शिरण्यापूर्वी कळवायचे. हे प्रमाण तीन टक्क्यांना पोहोचले की त्या साथीची माहिती जहाजाच्या नावानिशी जाहीर होते. वर्षातून दोनदा, आगाऊ सूचना न देता निरीक्षक येतात, मुदपाकखान्यातल्या शीतपेटीच्या तापमानापासून पोहण्याच्या तलावातल्या क्लोरिनपर्यंत सारे तपासतात, शंभरपैकी गुण देतात. 85 किंवा त्याहून कमी मिळाले की जहाज नापास. गुण सगळ्यांना पाहता येतात. साथी यामुळे संपल्या नाहीत, पण त्या लपवणे अवघड झाले.

आणि लपवणे हाच साऱ्या विषयाचा गाभा आहे. आजारी पडल्याचे सांगितले तर प्रवाशाला सहलीचे उरलेले दिवस केबिनमध्ये काढावे लागतात. पैसे गेले, सुट्टी गेली. कर्मचाऱ्याने सांगितले तर कामावरून बसावे लागते, आणि सहा ते नऊ महिन्यांच्या कंत्राटावर आलेल्या माणसाला पुढचे कंत्राट मिळेल ना, ही धास्ती असते. कप्तानाने कळवले तर बंदर हुकते, कंपनीचे वेळापत्रक कोलमडते. जहाजावरचा डॉक्टर कंपनीचाच नोकर. बंदरात शिरताना जहाज आरोग्याचे घोषणापत्र देते, त्यात किती आजारी, किती मृत हे कप्तानाने लिहायचे असते. पूर्वापार चालत आलेला पिवळा बावटाही तेच सांगतो : माझे जहाज निरोगी आहे, मला प्रवेश द्या. म्हणजे किनाऱ्याचे सारे संरक्षण जहाजाने खरे बोलण्यावर उभे आहे, आणि खरे बोलणाऱ्याच्या पदरी सगळ्या बाजूंनी नुकसानच पडते. ही व्यवस्था टिकणार कशी?

आजारी माणसाला शिक्षा केली की तो आजार लपवतो, हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. मांडवी म्हणजे गोदीला लागून असलेली वखारींची वस्ती. रोग जहाजांच्या वाटेनेच आला असावा, असे तेव्हापासून मानले जाते. पुढच्या वर्षी साथरोग कायदा आला आणि पुण्यात गोऱ्या सोजिरांनी घरात शिरून झडत्या घेतल्या. संशयितांना छावण्यांत नेले, सामान रस्त्यावर टाकून जाळले. लोकांनी काय केले? रुग्ण माळ्यावर लपवले, रातोरात दुसऱ्या गावी हलवले, मृत्यूचे कारण दडवले. रोग अधिकच पसरला. त्याच पुण्यात सावित्रीबाई फुल्यांनी आणि त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंतराव यांनी रुग्णांना जवळ केले, त्यांची शुश्रूषा केली, आणि 10 मार्च 1897 ला सावित्रीबाईंनी त्यातच प्राण सोडला. माणूस आजार कुणापाशी उघड करतो? जिथे शुश्रूषा मिळेल अशी त्याला खात्री असते, तिथे. जहाजालाही हेच लागू आहे. आजार कळवला तर दार उघडेल, असा भरवसा असेल तरच कप्तान खरे आकडे लिहील.

हा प्रश्न आता आपल्याही दारात आहे. एप्रिल 2020 मध्ये ‘मरेला डिस्कव्हरी’ हे जहाज सुमारे दीडशे भारतीय कर्मचारी घेऊन मुंबईजवळ समुद्रात थांबून होते. किनारा जवळ, पण मायदेशी उतरायची परवानगी नाही. केंद्रीय गृहमंत्रालयाने 21 एप्रिलला खलाशांना उतरवण्याची कार्यपद्धती ठरवून दिली, त्यानंतरच त्यांना जमिनीवर पाय ठेवता आला. गोव्यात त्या दिवसांत तारवट्यांची कुटुंबे आपली माणसे परत आणा म्हणून टाहो फोडत होती. जानेवारी 2022 मध्ये नववर्षासाठी मुंबईहून गोव्याला गेलेल्या ‘कॉर्डेलिया’वर एक कर्मचारी बाधित आढळला. जहाजावरच्या सुमारे दोन हजार माणसांच्या चाचण्या झाल्या, त्यांत पहिल्या खेपेला 66 जण बाधित निघाले. मुरगावपाशी अडकलेले ते जहाज अखेर बाधितांसह मुंबईला परत आले. करोनाला दोन वर्षे होत आली होती, लस आलेली होती, तरी दोन शेजारी राज्यांच्या बंदरांमध्ये आजारी प्रवाशांची सोय कुठे करायची याची घडी बसलेली नव्हती.

आणि आता या व्यवसायाला आपण वेग देतो आहोत. ‘क्रूझ भारत मिशन’ 30 सप्टेंबर 2024 ला मुंबई बंदरातूनच सुरू झाले. 2029 पर्यंत जलसहलींचे प्रवासी दुप्पट करण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. बॅलार्ड पिअरला वर्षाकाठी दहा लाख प्रवाशांच्या क्षमतेचे नवे टर्मिनल उभे राहिले आहे. मला या व्यवसायाचा दुस्वास नाही. त्यातून कोकण-गोव्यातल्या तरुणांना रोजगार मिळणार आहे. पण टर्मिनलमध्ये दुकाने किती आणि काउंटर किती हे जितक्या बारकाईने आखले जाते, तितक्याच बारकाईने साथ आलेल्या जहाजाची वाटही आखली गेली पाहिजे.

ती आखणी अशक्य कोटीतली नाही. जहाजाला प्रवासी घेण्याचा परवाना देताना कंपनीने प्रत्येक फेरीसाठी एक आश्रयबंदर नक्की करावे आणि तिथल्या रुग्णालयाशी व हॉटेलांशी लेखी करार करावा. त्याचा खर्च तिकिटावरच्या छोट्या अधिभारातून उभा राहील. बंदराच्या आरोग्य अधिकाऱ्याला कंपनीच्या किंवा पर्यटन खात्याच्या दबावाशिवाय निर्णय घेता यावा, आणि जहाजावरच्या डॉक्टरने साथीची माहिती कंपनीबरोबरच थेट त्या अधिकाऱ्याला कळवावी, असे बंधन हवे. आजारी कर्मचाऱ्याला पूर्ण पगारी रजा आणि कंत्राटाची हमी, आजार कळवणाऱ्या प्रवाशाला वाया गेलेल्या दिवसांचा परतावा, हे नियमातच असावे. साथीची शंका येताच पहिली तपासणी जेवण वाढणाऱ्यांची आणि खोल्या साफ करणाऱ्यांची व्हावी आणि त्यांनाच आधी स्वतंत्र खोल्या मिळाव्यात. प्रवासी निम्मेच घेतले असतील तर रिकाम्या केबिन असतातच. जहाजांचे तपासणी-गुण अमेरिकेत जसे लोकांसमोर येतात तसे आपल्याकडेही यावेत. आणि वर्षातून एकदा तरी मुंबई, मुरगाव, कोची या बंदरांत आग विझवण्याच्या कवायतीसारखी साथीचीही रंगीत तालीम व्हावी.

यावर म्हटले जाईल, की इतक्या अटी घातल्या तर जहाजे कोलंबोला आणि दुबईला जातील. पण 2020 च्या मार्चमध्ये हा सारा व्यवसाय जगभर एका झटक्यात थांबला, तो कडक अटींमुळे थांबला नव्हता. साथ आवरता आली नाही, बंदरे बंद झाली आणि लोकांचा विश्वास उडाला म्हणून थांबला. म्हातारे आई-वडील घेऊन जहाजावर चढणाऱ्या कुटुंबाला उद्या आजारी पडलो तर कुठे नेतील हे ठाऊक असणे, ही व्यवसायाचीच भांडवली गरज आहे. दुसरा आक्षेप असा असेल, की आपल्या शहरांतली रुग्णालये आधीच भरलेली असताना परक्यांना जागा का द्यायची. त्याला उत्तर असे, की बंदर उघडे ठेवून जहाजाकडून शुल्क घेणारे शहर त्या जहाजाच्या आजाराला परके राहू शकत नाही. आणि ‘परके’ म्हणताना त्या जहाजाच्या खालच्या डेकवर राबणारी आपलीच मुले आपण विसरतो.

केंद्रीय आरोग्य मंत्रालय, नौवहन महासंचालनालय आणि महाराष्ट्र-गोव्याची सरकारे यांनी पुढची साथ येण्यापूर्वी एकत्र बसून हा आराखडा पक्का करावा. ज्यांच्या घरचे कुणी बोटीवर आहे त्यांनी आपल्या आमदार-खासदारांकडे त्याचा पाठपुरावा करावा. आणि जे जलसहलीला निघणार आहेत त्यांनी तिकीट काढताना कंपनीला एक प्रश्न जरूर विचारावा : जहाजावर साथ आली तर आम्हाला आणि तुमच्या कर्मचाऱ्यांना कोणत्या बंदरात उतरवाल? ज्या कंपनीपाशी याचे लेखी उत्तर नाही, तिचे तिकीट काढू नये.